विश्लेषण : कोंबडीच्या गाठीतून कर्करोगाच्या जनुकापर्यंत... कोण होते पेटन राउस?

संशोधन आणि नोबेल यांत तब्बल ५५ वर्षांचे अंतर पडलेले शास्त्रज्ञ म्हणजे अमेरिकेचे पेटन राउस. विषाणूमुळे कर्करोग होऊ शकतो, हे त्यांनी १९११ मध्ये दाखवले. नोबेल मिळाले १९६६ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी.

नेमका प्रयोग काय होता?

राउस यांचा जन्म १८७९ चा, बाल्टिमोरचा. वैद्यकीय शिक्षण घेताना शवविच्छेदनात बोट कापले आणि त्यांना क्षयरोग जडला. त्यातून बरे होऊन १९०९ मध्ये ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत दाखल झाले. तिथे छातीवर गाठ असलेली एक कोंबडी त्यांच्याकडे आली. त्यांनी गाठीचा अर्क पेशी आणि जिवाणूही अडकतील इतक्या बारीक गाळणीतून गाळला. हा द्रव टोचल्यावर दुसऱ्या कोंबड्यांनाही तशीच गाठ झाली.

दुर्लक्ष का झाले?

कर्करोग संसर्गाने होत नाही, हा समज तेव्हा पक्का होता. शिवाय उंदरांवर तसा प्रयोग साधेना. अखेर १९१५ च्या सुमारास राउस यांनी विषय सोडला. पुढे रक्त साठवण्यासाठी त्यांनी सहकाऱ्यासह शोधलेले द्रावण पहिल्या महायुद्धात उपयोगी पडले. रिचर्ड शोप यांना १९३३ मध्ये सशांच्या चामखिळींमागे विषाणू सापडला, तेव्हा राउस पुन्हा कर्करोगाकडे वळले.

विषाणूतून जनुक कसे सापडले?

राउस यांच्या विषाणूतील ‘सार्क’ हे एकच जनुक गाठ निर्माण करते, असे पुढे स्पष्ट झाले. ते आले कुठून? मायकल बिशप आणि हॅरॉल्ड वार्मस यांच्या चमूने १९७६ मध्ये उत्तर दिले : निरोगी कोंबडीच्या पेशीतून. विषाणूने ते कधीतरी उचलले होते. तसेच जनुक माणसातही असते. पेशीला वाढीचा संदेश देणारे हे जनुक बिघडले, की वाढ थांबत नाही.

गंमत म्हणजे, जनुकीय बदलांमुळे कर्करोग होतो, हे राउस यांनी स्वतः कधीच मान्य केले नाही. फेब्रुवारी १९७० मध्ये त्यांचे निधन झाले. पण त्यांनी दाखवलेल्या वाटेनेच असे अनेक जनुक सापडले. त्यांपैकी उंदराच्या विषाणूतून ओळख पटलेले एक म्हणजे ‘एबल’. एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगावर दिले जाणारे इमॅटिनिब हे औषध त्याच जनुकापासून बनणाऱ्या सदोष प्रथिनाला रोखते.