‘आसूड’ला छापखाना मिळेना

शाळेच्या भिंतीवर, ग्रामपंचायतीच्या दारात किंवा एस. टी. स्टँडवर रंगवलेल्या म. फुल्यांच्या ओळी आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. विद्या नसली की माणसाचे एकेक करत काय काय जाते, हे त्यात सांगितले आहे. पण त्या ओळी कोणत्या पुस्तकातल्या, असे विचारले तर बरेच जण डोके खाजवतील. त्या ‘शेतकऱ्याचा आसूड’ या पुस्तकाच्या सुरुवातीला आहेत. शेतकऱ्याच्या दैन्यावर एवढे सविस्तर, खुद्द शेतकरी जातीतल्या माणसाने लिहिलेले हे पुस्तक. आणि जोतीराव जिवंत होते तोपर्यंत ते पूर्ण पुस्तकरूपाने निघालेच नाही. जोतीरावांनी शाळा काढल्या, विहीर खुली केली, सत्यशोधक समाज स्थापला, हे आपल्याला पाठ आहे. पण लिहिलेले छापून आणण्यासाठी हा माणूस पस्तीस वर्षे झगडला, ती हकिकत फारशी सांगितली जात नाही.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात येऊन पेशव्यांना फुले पुरवू लागले म्हणून फुले झाले. प्राथमिक शिक्षण झाल्यावर वडील गोविंदरावांनी मुलाला शाळेतून काढून मळ्यात घातले. शिकून काय करणार, शेवटी खुरपेच धरायचे आहे, असे सांगणारे लोक तेव्हाही होतेच. गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब या दोघा शेजाऱ्यांनी गोविंदरावांची समजूत घातली, तेव्हा १८४१ मध्ये पोरगा स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेला. ते शेजारी मध्ये पडले नसते तर पुढचे काहीच घडले नसते.

१८५५ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. विषय आपल्या गावातलाच. एक कुणबी बाई गरोदर असते. जोशीबुवा घरी येतात, ग्रहांची भीती घालतात आणि त्या गरीब नवरा-बायकोला शांतीच्या नावाखाली कर्जात ढकलतात. शेवटी दोघांना कळते की आपण शिकलो नाही म्हणून फसलो. मग ती जोडी रात्रीच्या शाळेत जायला निघते.

नाटक लिहिले खरे, पण छापणार कोण? त्या काळी मराठीत पुस्तक काढायचे तर मार्ग मोजकेच होते. पदरचे पैसे घालायचे, नाहीतर आगाऊ वर्गणीदार गोळा करायचे, नाहीतर सरकारच्या दक्षिणा प्राइझ कमिटीकडे हस्तलिखित पाठवायचे. पेशवाईत श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. इंग्रजांनी त्या पैशातला काही भाग मराठी ग्रंथांना बक्षीस देण्याकडे वळवला होता. जोतीरावांनी आपले नाटक तिथे पाठवले. आता गंमत पाहा. भटजीची लबाडी दाखवणारे नाटक ज्यांच्यापुढे मंजुरीला गेले, त्यांच्यात भटजींच्याच जातीचे सभासद वजनदार होते. नाटक नामंजूर झाले. या सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे जोतीरावांनी पुढे ‘गुलामगिरी’ पुस्तकात नमूद केले आहे. त्यांनी ते हस्तलिखित बाजूला ठेवून दिले. ते छापून लोकांसमोर आले १९७९ साली, ‘पुरोगामी सत्यशोधक’ या नियतकालिकात. म्हणजे लिहिल्यानंतर तब्बल १२४ वर्षांनी!

या एका नकाराने जोतीरावांना एक गोष्ट नीट कळली. दुसऱ्याच्या मंजुरीवर बसलो तर आपला माल बाजारात जायचा नाही. त्यानंतर त्यांनी कमिटीचा नाद सोडला. १८६९ मध्ये शिवाजी महाराजांचा पोवाडा आला. त्याच वर्षी ‘ब्राह्मणांचे कसब’ हे छोटे पुस्तक त्यांनी स्वतःच्या खर्चाने छापले. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ आली.

हा खर्च कुठून येत होता, हे पाहण्यासारखे आहे. लेखणीवर जोतीरावांचे पोट कधीच भरले नाही. ते बांधकामाची कंत्राटे घेत, दगड-चुना पुरवीत. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशी त्यांचा असा संबंध आला होता. मांजरीजवळ त्यांची शेती होती. धंद्यात मिळवायचे आणि पुस्तकात घालायचे, असा हा व्यवहार. नफ्याचा हिशेब करणारा माणूस या फंदात पडला नसता.

बरे, पुस्तक छापले म्हणून संपले असेही नाही. वाचणाऱ्या वर्गाने ते हातात तर घ्यायला हवे. ‘निबंधमाला’कार विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जोतीरावांच्या मराठीची आणि व्याकरणाची टिंगल केली. जोतीराव लिहीत ती भाषा मळ्यातली, बाजारातली, चावडीवरची. ज्याच्यासाठी लिहायचे त्याला समजले पाहिजे, हा त्यांचा साधा हिशेब होता. शुद्धलेखनाच्या तराजूत ती भाषा कमी भरली असेल, पण कुणब्याच्या कानाला ती परकी वाटली नाही.

आता ‘आसूड’कडे येऊ. वर्तमानपत्र आपल्या हातात असल्याशिवाय भागणार नाही, हे सत्यशोधक मंडळींनी ओळखले होते. १ जानेवारी १८७७ रोजी कृष्णराव भालेकरांनी पुण्यात ‘दीनबंधु’ सुरू केले. पैशाअभावी ते अडखळले, तेव्हा १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत चालवायला घेतले. हेच लोखंडे पुढे गिरणी कामगारांचे पुढारी म्हणून गाजले. म्हणजे पत्र घरचे, संपादक घरचा. जोतीराव या सुमारास शेतकऱ्यावरचा ग्रंथ लिहीत होते आणि १८ जुलै १८८३ रोजी तो पुरा झाला. त्याचे पहिले दोन भाग ‘दीनबंधु’त आले. तिसऱ्या भागाला लोखंड्यांनी हात वर केले. तो मजकूर छापायची त्यांची तयारी नव्हती.

१८५५ चा नकार परक्यांचा होता. हा नकार आपल्याच माणसाचा होता, म्हणून तो जास्त झोंबला. आपल्यातलेच पत्रवाले भित्रे निघाले, हा राग जोतीरावांनी पुढच्या लिखाणात लपवून ठेवलेला नाही. पत्र चालवणाऱ्याच्या अडचणी वेगळ्या असतात, हे आपण आज समजू शकतो. पण त्या नकाराची किंमत शेतकऱ्याने मोजली, हेही तितकेच खरे.

काय होते त्या पुस्तकात? भट, सावकार, कुलकर्णी, कोर्टकचेरी आणि वरचे गोरे साहेब, या सगळ्यांच्या कात्रीत सापडलेला शेतकरी होता. त्याच्या घराचे, चुलीचे, फाटक्या कपड्यांचे आणि गोठ्यातल्या हडकुळ्या बैलांचे वर्णन होते. आणि नुसते रडगाणे नव्हते, उपायही होते. डोंगरउतारावर ताली-बंधारे घालून माती अडवा, पाणी जिरवा. रिकाम्या बसलेल्या पलटणी आणि पोलीस या कामाला लावा. पाणाड्यांकडून जमिनीखालच्या पाण्याचा शोध घेऊन ते नकाशात दाखवा. तळ्यातला गाळ शेतकऱ्याला मोफत नेऊ द्या. जंगलखात्यात गेलेली गायराने परत द्या. शेळ्या-मेंढ्यांच्या चांगल्या जाती परदेशातून आणा. दरवर्षी शेतीची प्रदर्शने भरवा, बक्षिसे द्या. रानडुकरांपासून पीक राखायला शेतकऱ्याला बंदूक बाळगू द्या. शेतकऱ्याच्या पोरांना शेतीचे शिक्षण द्या.

आम्ही विस्तार कार्यकर्ते गावोगाव मृद्संधारणाच्या आणि पाणलोटाच्या सभा घेतो, तेव्हा यातलेच मुद्दे मांडतो. म्हणूनच हे पुस्तक वाचताना सारखे जाणवते, की १८८३ साली हे सगळे छापून गावोगाव गेले असते, साहेबांच्या टेबलावर गेले असते, तर यावर निदान चर्चा तरी तेव्हाच सुरू झाली असती. एक पुस्तक अडले म्हणजे नुसता लेखक अडत नाही. ज्यांच्यासाठी ते लिहिले तेही अडतात.

छापखान्याचे दार बंद झाले, तरी जोतीराव गप्प बसले नाहीत. मजकूर जसजसा तयार होत गेला, तसतसा तो ते लोकांना वाचून दाखवीत होते. मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी त्यांनी ‘आसूड’चे वाचन केले. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांच्या कानावर पुस्तक घातले. शेतकऱ्याचे पुस्तक शेतकऱ्यानेच आधी ऐकले. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनीही ते ऐकून घेतले आणि जोतीरावांचा पैसे देऊन सन्मान केला.

१८८५ मध्ये पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरली. न्या. रानड्यांनी जोतीरावांना बोलावणे पाठवले. नव्या लेखकाला अशा सभेत ओळखी होतात, पुस्तकाला वाट मिळते. जोतीरावांनी नकार कळवला. ज्यांच्या ग्रंथात आमच्या लोकांच्या दुःखाला जागा नाही त्यांच्यात मिसळून आमचा काय फायदा, असा त्यांच्या पत्राचा रोख होता. ते पत्र ‘ज्ञानोदय’मध्ये जून १८८५ मध्ये छापून आले.

१८८८ मध्ये जोतीरावांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. लिहिणारा हातच गेला म्हटल्यावर दुसरा कोणी थांबला असता. त्यांनी डाव्या हाताने लिहायला सुरुवात केली आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हे पुस्तक १ एप्रिल १८८९ रोजी पुरे केले. तेही छापलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. दत्तक मुलगा यशवंत याने १८९१ मध्ये ते पुस्तक प्रसिद्ध केले.

भालेकरांचे चिरंजीव मुकुंदराव पाटील यांनी १९१० साली नेवासा तालुक्यातून ‘दीनमित्र’ साप्ताहिक सुरू केले आणि पुढे तरवडीसारख्या खेड्यातून ते अनेक वर्षे चालवले. खेड्यातला मजकूर खेड्यातच छापला जाऊ लागला. जोतीरावांचे सगळे लिखाण एकत्र असे १९६९ मध्ये आले, राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने धनंजय कीर व स. गं. मालशे यांच्याकडून ते संपादित करून घेतले तेव्हा. राहुरीच्या कृषी विद्यापीठाला आज जोतीरावांचे नाव आहे. पण त्यांच्या शेतीवरच्या पुस्तकाला छापखाना मिळत नव्हता, हेही तिथे शिकणाऱ्या पोरांना ठाऊक असावे.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींना एवढेच सुचवावेसे वाटते. भिंतीवर त्या ओळी रंगवल्यात, ठीक झाले. आता ‘शेतकऱ्याचा आसूड’ची एक प्रत गावच्या वाचनालयात आणा आणि कपाटात कुलूपबंद न ठेवता पारावर एखाद्या संध्याकाळी मोठ्याने वाचा. ते पुस्तक लिहिले गेले तेव्हा असेच वाचले जात होते.