पारडे फिरविणारा अध्यक्ष

लुईस फिगो २००० साली बार्सिलोना सोडून रिअल माद्रिदमध्ये दाखल झाला, तेव्हा बार्सिलोनात संतापाची लाट उसळली. दोन क्लबांमधील या वैराला धार आली ती मात्र त्याच्या जवळजवळ अर्धशतक आधी, अशाच एका खेळाडूच्या हस्तांतरावरून. त्या प्रकरणात माद्रिदच्या बाजूने उभे होते सांतियागो बर्नाबेऊ. रात्री जागून स्पॅनिश फुटबॉल पाहणारे आपल्याकडील रसिक हे नाव एका स्टेडियमचे म्हणून ओळखतात. त्या नावामागचा माणूस मात्र फारसा ठाऊक नसतो.

बर्नाबेऊ यांचा जन्म १८९५ चा, स्पेनच्या अल्बासेते प्रांतातला. माद्रिदला आल्यावर ते शाळकरी वयातच क्लबमध्ये दाखल झाले. कायद्याचे शिक्षण घेतले, पण जीव रमला मैदानावर. आघाडीचा खेळाडू, कर्णधार आणि निवृत्तीनंतर पदाधिकारी अशा पायऱ्या ते चढत गेले. यादवी युद्धात त्यांनी जनरल फ्रँको यांची बाजू घेतली. पुढे त्यांच्या प्रत्येक यशाकडे संशयाने पाहिले गेले, त्याचे मूळ येथे आहे.

त्यांना अध्यक्षपद मिळाले तेही वैराच्या वणव्यातूनच. जून १९४३ मध्ये चषक स्पर्धेच्या उपांत्य फेरीत बार्सिलोनाने पहिला सामना ३-० असा जिंकला होता. माद्रिदमधील परतीच्या सामन्यात, कमालीच्या दहशतीच्या वातावरणात, त्यांना ११-१ अशी हार पत्करावी लागली. या प्रकरणाच्या धगीत दोन्ही क्लबांचे अध्यक्ष पायउतार झाले आणि सप्टेंबरमध्ये माद्रिदची सूत्रे बर्नाबेऊ यांच्याकडे आली.

क्लबची अवस्था तेव्हा बेताचीच होती. यादवी युद्धात मैदानाची दुर्दशा झाली होती आणि लीगची अवघी दोन विजेतीपदे नावावर होती. बर्नाबेऊ यांनी आधी खेळाडू नव्हे, तर मैदान उभारायचे ठरविले. मोठे संघ पैशावर उभे राहतात आणि पैसा प्रेक्षकांकडून येतो, हे साधे गणित त्यांनी ओळखले होते. सभासदांना रोखे विकून त्यांनी निधी उभारला. डिसेंबर १९४७ मध्ये पोर्तुगालच्या बेलेनेन्सेसविरुद्धच्या सामन्याने नव्या स्टेडियमचे उद्घाटन झाले. पुढे त्याची क्षमता सव्वा लाखाच्या घरात गेली आणि १९५५ मध्ये त्याला बर्नाबेऊ यांचेच नाव देण्यात आले.

एवढे मोठे स्टेडियम भरायचे, तर तसाच खेळाडू हवा होता. १९५२ मध्ये क्लबच्या सुवर्णमहोत्सवासाठी बोगोटाचा मियोनारियोस हा संघ माद्रिदला आला आणि यजमानांना ४-२ असे हरवून गेला. त्या संघातील अर्जेंटिनाचा अल्फ्रेडो दि स्टेफानो बर्नाबेऊ यांच्या नजरेत भरला. पण बार्सिलोनाचीही त्याच्यावर नजर होती.

पेच असा होता, की या खेळाडूवर दोन क्लबांचा हक्क होता. अर्जेंटिनातील संपानंतर तो रिव्हर प्लेट सोडून कोलंबियात गेला होता. १९५१ च्या लिमा करारानुसार ऑक्टोबर १९५४ पर्यंत तो मियोनारियोसचा आणि त्यानंतर पुन्हा रिव्हर प्लेटचा होता. बार्सिलोनाने रिव्हर प्लेटशी सौदा केला, माद्रिदने मियोनारियोसशी. दि स्टेफानो बार्सिलोनात येऊन मैत्रीपूर्ण सामनेही खेळला, पण नोंदणी अडली. त्यातच ऑगस्ट १९५३ मध्ये स्पॅनिश महासंघाने परदेशी खेळाडूंच्या भरतीवर बंदी घातली. अखेर सप्टेंबरमध्ये अजब तोडगा निघाला. चार हंगामांत त्याने आलटून पालटून दोन्ही क्लबांकडून खेळावे आणि सुरुवात माद्रिदकडून करावी, असे ठरले. या तडजोडीवरून बार्सिलोनाच्या अध्यक्षांना जावे लागले. नव्या कारभाऱ्यांनी झालेला खर्च वसूल करून आपला हक्क सोडला.

सत्तेने माद्रिदच्या पारड्यात वजन टाकले, असे बार्सिलोनाचे समर्थक आजही मानतात. मियोनारियोसशी व्यवहार पुरा न करण्याची चूक बार्सिलोनाच्या कारभाऱ्यांचीच होती, असे दुसरी बाजू सांगते. हा वाद मिटलेला नाही. परिणामांबद्दल मात्र दुमत नाही. ऑक्टोबर १९५३ मध्ये माद्रिदने बार्सिलोनाला ५-० असे लोळविले आणि त्याच हंगामात २१ वर्षांनी लीग जिंकली. तोवर बार्सिलोनाकडे सहा विजेतीपदे होती. १९७८ पर्यंत बर्नाबेऊ यांच्या कारकिर्दीत माद्रिदने १६ मिळविली.

युरोपियन चषकाच्या उभारणीतही बर्नाबेऊ यांनी पुढाकार घेतला आणि १९५६ ते १९६० या काळातील पहिले पाचही चषक त्यांच्याच क्लबने जिंकले. पहिल्या अंतिम सामन्यात ज्या रेम्सला हरविले, त्याच संघातील रेमंड कोपा पुढच्या हंगामात माद्रिदमध्ये होता. हंगेरीतील उठावानंतर परागंदा झालेल्या फेरेंक पुश्कासला त्यांनी वयाच्या ३१ व्या वर्षी संघात घेतले. १९६० च्या अंतिम सामन्यात फ्रँकफर्टवर ७-३ असा विजय मिळाला, त्यातील चार गोल पुश्कासचे आणि तीन दि स्टेफानोचे होते.

पण फिरविलेले पारडे कायम एकाच बाजूला राहत नाही. १९६४ मध्ये मतभेद होऊन दि स्टेफानोने क्लब सोडला आणि तो गेला बार्सिलोना शहरातल्याच एस्पान्योलकडे. १९७३ मध्ये परदेशी खेळाडूंवरील बंदी उठली. त्या वर्षी आयएक्स क्लब योहान क्रायफला माद्रिदला देण्यास तयार होता, पण क्रायफने हट्टाने बार्सिलोना निवडले. फेब्रुवारी १९७४ मध्ये बर्नाबेऊ यांच्या नावाच्या मैदानावर, त्यांच्याच क्लबचा ०-५ असा पराभव झाला. वीस वर्षांपूर्वीचा तोच आकडा, फक्त उलटा. बार्सिलोनाने त्या वर्षी १४ वर्षांनी लीग जिंकली.

२ जून १९७८ रोजी बर्नाबेऊ यांचे निधन झाले. आदल्याच दिवशी दि स्टेफानोच्या अर्जेंटिनात विश्वचषक सुरू झाला होता. जवळजवळ ३५ वर्षे अध्यक्ष राहिलेल्या या माणसाने एका खेळाडूच्या बळावर दोन क्लबांचे नशीब कसे पालटते हे दाखवून दिले. हाच डाव आपल्यावरही उलटू शकतो, हेही त्याला हयातीतच पाहावे लागले.