उणे चिन्ह न खोडणारा माणूस : पॉल डिरॅक

प्रतिद्रव्य हा शब्द अलीकडे घरोघरी पोहोचला आहे. एक ग्रॅम प्रतिद्रव्य हाती लागले की कोळसा नको, धरण नको, सगळे शहर उजळून निघेल, असे शाळेतली मुलेही आम्हाला खात्रीने सांगतात. यात खरे किती आणि हौसेचे किती, हा हिशेब पुढे करूच. पण त्याआधी, हे द्रव्य कुणाच्याही नजरेस पडण्यापूर्वी ज्याने ते कागदावर शोधले, त्या माणसाची ओळख करून घ्यावी. आम्हा बडोदेकरांना तर त्याचे आणखीही एक कारण आहे. तेही ओघात येईल.

पॉल डिरॅक यांचा जन्म ८ ऑगस्ट १९०२ रोजी इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरी झाला. वडील चार्ल्स मूळचे स्वित्झर्लंडचे, पेशाने फ्रेंचचे शिक्षक. आई फ्लॉरेन्स एका जहाजाच्या कप्तानाची मुलगी. वडिलांची शिस्त करडी होती. जेवताना पॉलने त्यांच्याशी फ्रेंचमध्येच बोलले पाहिजे, तेही बिनचूक, असा दंडक होता. मनातले नीट फ्रेंचमध्ये सांगता येईना, म्हणून मुलगा गप्प बसू लागला. ते मौन जन्मभर टिकले. पुढे केंब्रिजमधल्या मित्रांनी गमतीने बोलण्याचे एक मापच ठरवले : तासाला एक शब्द म्हणजे एक डिरॅक!

थोरला भाऊ फेलिक्स याला डॉक्टर व्हायचे होते. वडिलांनी त्याला इंजिनिअरिंगला घातले. त्या कामात त्याचे मन कधी रमले नाही आणि १९२५ साली त्याने स्वतःचे आयुष्य संपवले. हा घाव डिरॅक यांच्या मनातून कधी गेला नाही. त्याविषयीही ते फारसे बोलत नसत.

आमच्यासारख्या पदविका घेऊन नोकरीला लागलेल्या माणसांना एक गोष्ट वाचून बरे वाटेल. डिरॅक यांची पहिली पदवी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची होती. १९२१ मध्ये ती मिळाली, पण महायुद्धानंतरच्या मंदीत नोकरी मिळेना. घरी बसण्यापेक्षा बरे म्हणून ब्रिस्टललाच फी न भरता दोन वर्षे गणित शिकण्याची सोय झाली, आणि १९२३ मध्ये शिष्यवृत्तीवर ते केंब्रिजला गेले. नोकरी मिळाली असती तर एक चांगला इंजिनिअर झाला असता, पण ही कथा घडली नसती.

केंब्रिजला तेव्हा पुंजभौतिकीचे वारे वाहू लागले होते. अणूच्या आतल्या जगाला नेहमीचे नियम लागू पडत नव्हते. नवे नियम आले, पण ते आइन्स्टाइनच्या सापेक्षतेशी जुळेनात. वेगाने धावणाऱ्या इलेक्ट्रॉनचे वर्णन दोन्ही सिद्धांतांना मान्य होईल असे कसे करावे? १९२८ च्या आरंभी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, डिरॅक यांनी त्याचे समीकरण मांडले. कुणाच्या ध्यानीमनी नसताना इलेक्ट्रॉनच्या फिरकीचा गुणही त्यातून आपोआप बाहेर आला. जाणकारांनी तोंडात बोटे घातली.

पण समीकरणात एक अडचण होती. नऊ चौरस मीटरच्या चौकोनी खोलीची बाजू काढताना उत्तरे दोन येतात, अधिक तीन आणि उणे तीन. उणे लांबीची भिंत नसते, म्हणून ते उत्तर आपण खोडून पुढे जातो. डिरॅक यांच्या समीकरणातूनही इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेची दोन प्रकारची उत्तरे येत होती, एक अधिक आणि एक उणे. उणे ऊर्जेचा इलेक्ट्रॉन कोण कधी पाहतो? दुसऱ्या कुणी ते उत्तर खोडले असते. डिरॅक यांनी खोडले नाही. समीकरण इतके देखणे आहे, तर त्याचा हा अर्धा भाग निरर्थक कसा असेल, अशी त्यांची धारणा होती.

त्यांनी कल्पना केली की उणे ऊर्जेच्या साऱ्या जागा आधीच भरलेल्या आहेत. खच्चून भरलेल्या नाट्यगृहातली एकच खुर्ची रिकामी झाली, तर डोळ्यांत भरते ती रिकामी जागा. तसेच या भरलेल्या जागांतली एक रिकामी झाली, तर ती आपल्याला धन विद्युतभार असलेल्या कणासारखी दिसेल. सुरुवातीला त्यांना वाटले की हा कण म्हणजे प्रोटॉन असावा. पण प्रोटॉन इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे १,८३६ पट जड, आणि इतरांनी दाखवून दिले की हे जुळणार नाही. तेव्हा १९३१ मध्ये त्यांनी धीटपणे लिहिले की हा नवाच कण आहे, वस्तुमान इलेक्ट्रॉनइतके, विद्युतभार मात्र उलट. दोघे भेटले तर दोघेही नाहीसे होतील आणि उरेल ती केवळ ऊर्जा.

पुढल्याच वर्षी, २ ऑगस्ट १९३२ रोजी, अमेरिकेत कार्ल अँडरसन यांनी वैश्विक किरणांच्या छायाचित्रात नेमका तसा कण टिपला. त्याला पॉझिट्रॉन हे नाव मिळाले. अँडरसन डिरॅक यांचे भाकीत तपासायला बसले नव्हते. तरी कागदावरचे उणे चिन्ह प्रत्यक्षात उतरले होते.

१९३३ चे नोबेल पारितोषिक डिरॅक आणि श्रोडिंगर यांना विभागून मिळाले. प्रसिद्धीच्या भीतीने डिरॅक ते नाकारायला निघाले होते. नाकारलेस तर याहून जास्त गाजावाजा होईल, असे रदरफर्ड यांनी समजावले, तेव्हा कुठे ते राजी झाले. स्टॉकहोमला त्यांनी आईला बरोबर नेले.

आता आपल्याकडचा धागा. त्याच काळात केंब्रिजला होमी भाभा हा मुंबईचा तरुण शिकत होता. डिरॅक यांची व्याख्याने ऐकून तो या विषयाकडे ओढला गेला. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवरून कसे उडतात, याचे गणित त्याने १९३५ च्या सुमारास मांडले; ते आजही भाभांच्याच नावाने ओळखले जाते. पुढे भाभांनी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली. १९५४ च्या अखेरीस डिरॅक पत्नीसह भारतात आले ते या संस्थेत व्याख्याने देण्यासाठी. जानेवारी १९५५ मध्ये इंडियन सायन्स काँग्रेसचे अधिवेशन आपल्या बडोद्यात भरले, आणि या अबोल माणसाने तेथे जाहीर व्याख्यानही दिले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातून बातमी आली की प्रतिप्रोटॉनही सापडला. म्हणजे केवळ इलेक्ट्रॉनलाच नव्हे, साऱ्या द्रव्यालाच जोडीदार आहे.

आता मुलांच्या त्या ग्रॅमचा हिशेब. एक ग्रॅम प्रतिद्रव्य एक ग्रॅम साध्या द्रव्याला भेटले तर सुमारे पाच कोटी युनिट ऊर्जा बाहेर पडेल. महिन्याला दोनशे युनिट जाळणाऱ्या वीस हजार घरांना ती वर्षभर पुरेल. इथपर्यंत मुलांचे बरोबर आहे. प्रश्न पुढे येतो : हा ग्रॅम आणायचा कुठून? कोळशाची खाण असते, युरेनियमची असते. प्रतिद्रव्याची खाण कुठेच नाही. ते एकेक कण करून यंत्रात घडवावे लागते, आणि त्यासाठी ऊर्जा आधी आपल्यालाच ओतावी लागते. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत शंभर कोटी युनिट खर्चावे तेव्हा त्यातले जेमतेम एक परत येईल, अशी स्थिती आहे. तिथे आजवर घडवलेले सारे प्रतिद्रव्य एकदम वापरले, तरी विजेचा एक दिवा काही मिनिटे जळेल, एवढेच. शिवाय ते कोणत्याही भांड्यात ठेवता येत नाही. भांडे द्रव्याचे असते, स्पर्श होताच दोन्ही संपतात. चुंबकाच्या जोरावर ते निर्वात पोकळीत अधांतरी धरून ठेवावे लागते.

कोळसा ही वाडवडिलांची आयती ठेव आहे. प्रतिद्रव्य म्हणजे आपणच आधी भरायची रक्कम, आणि यंत्र कितीही सुधारले तरी भरली त्याहून जास्त परत मिळणार नाही. उद्या लांबच्या अंतराळप्रवासासाठी वजनाला हलकी साठवण म्हणून त्याचा विचार होईलही. पण गावाला वीज पुरवणारा स्रोत तो नव्हे.

मग डिरॅक यांचे उणे चिन्ह वाया गेले का? मोठ्या इस्पितळातल्या पेट स्कॅन विभागात जाऊन पाहावे. कर्करोगाच्या रुग्णाला तिथे किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेल्या साखरेचे इंजेक्शन देतात. गाठ साखर भराभरा ओढून घेते, फ्लोरिनमधून पॉझिट्रॉन निघतात, जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटून नष्ट होतात, आणि प्रत्येक भेटीतून दोन किरण विरुद्ध दिशांना सुटतात. भोवतालचे यंत्र ते पकडून गाठीची जागा दाखवते. आपल्यातल्या किती घरांनी त्या अहवालाची वाट पाहत रात्री काढल्या असतील! ज्या माणसाने उपयोगाचा विचार न करता केवळ समीकरणावर विश्वास ठेवला, त्याचे काम असे घराघरात येऊन पोहोचले आहे.

डिरॅक १९३२ पासून १९६९ पर्यंत केंब्रिजला, एके काळी न्यूटनकडे असलेल्या पदावर होते. सर ही पदवी त्यांनी घेतली नाही. अखेरची वर्षे अमेरिकेत फ्लोरिडात काढून २० ऑक्टोबर १९८४ रोजी ते गेले. १९९५ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत, न्यूटनच्या समाधीजवळ, त्यांच्या नावाची शिळा बसवली. तिच्यावर त्यांचे समीकरण कोरले आहे.

मुलांना मात्र प्रतिद्रव्य पाहायला सर्नला जायची गरज नाही. यंदा बाप्पापुढे ठेवलेल्या केळ्यात थोडे पोटॅशियम असते. त्यातला अगदी लहानसा अंश किरणोत्सारी असल्याने सुमारे सव्वा तासाला एक पॉझिट्रॉन त्या केळ्यातून निघतो आणि जन्मताच विरतो. आरतीला जमलेल्या मुलांना एवढे जरूर सांगावे.