प्रकाशाचे उपासक : चंद्रशेखर वेंकट रामन

चंद्रशेखर वेंकट रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे झाला. १९०७ साली एम. ए. झाल्यावर ते कोलकाता येथे सरकारी अर्थखात्यात अधिकारी झाले. दिवसा कचेरीतील हिशेब आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेतील संशोधन, असा त्यांचा नित्यक्रम होता. बदलीनिमित्त ते रंगून व नागपूर येथेही राहिले. परंतु विज्ञानाची ओढ कमी झाली नाही. १९१७ साली अधिक वेतनाची नोकरी सोडून त्यांनी कोलकाता विद्यापीठातील प्राध्यापकपद स्वीकारले.

प्रकाश पदार्थातून जाताना त्याचे काय होते, हा रामन यांच्या चिंतनाचा विषय होता. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्यांना या प्रश्नाचे महत्त्वाचे उत्तर मिळाले. एकाच रंगाचा प्रकाश द्रवावर पडला, की विखुरलेल्या प्रकाशात मूळ रंगाबरोबर काही नवे, अतिशय मंद रंगही दिसतात. प्रकाश रेणूला थोडी ऊर्जा देतो किंवा त्याच्याकडून घेतो, म्हणून हा बदल घडतो. प्रत्येक पदार्थाच्या रेणूंचा बदल वेगळा असतो. त्यावरून पदार्थ ओळखता येतो. या शोधात के. एस. कृष्णन यांचे मोलाचे साहाय्य होते. ‘रामन परिणामा’साठी रामन यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

१९३३ साली ते बंगळुरू येथील भारतीय विज्ञान संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. मतभेदांमुळे १९३७ साली त्यांना ते पद सोडावे लागले. तरीही प्राध्यापक म्हणून ते तेथेच कार्यरत राहिले. हिरे व स्फटिक यांवर त्यांनी विद्यार्थ्यांसह विपुल संशोधन केले. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या हिऱ्यातून जाताना प्रकाशाच्या कंपनांची दिशा किती फिरते, याचे मापन त्यांचे शिष्य एस. रामशेषन यांनी १९४६ साली प्रसिद्ध केले.

१९४८ साली निवृत्त झाल्यावर रामन यांनी म्हैसूर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर स्वतःची संशोधन संस्था उभारली. सरकारी अनुदानाबरोबर येणारी बंधने त्यांना मान्य नव्हती. म्हणून देणग्या व स्वतःचे धन यांवरच त्यांनी ती चालवली. १९५४ साली त्यांना ‘भारतरत्न’ देऊन गौरवण्यात आले.

२१ नोव्हेंबर १९७० रोजी बंगळुरू येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार संस्थेच्या आवारातच अंत्यसंस्कार झाले. आज जगभरातील प्रयोगशाळांत औषधे, रत्ने आणि नवनवे पदार्थ रामन परिणामाच्या साहाय्याने तपासले जातात.