नागासाकीचे डॉ. पौल नागाई

९ ऑगस्ट १९४५. सकाळचे ११ वाजून २ मिनिटे. जपानमधील नागासाकी शहराच्या उराकामी भागावर अणुबॉम्ब फुटला. तीनच दिवसांपूर्वी हिरोशिमा बेचिराख झाले होते. उराकामी कॅथेड्रलमध्ये पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणानिमित्त प्रायश्चित्त संस्कार चालू होता. धर्मगुरू आणि भाविक तेथेच मरण पावले. उराकामीच्या सुमारे १२,००० कॅथलिकांपैकी ८,५०० जणांचा बळी गेला.

जवळच्याच रुग्णालयात डॉ. ताकाशी नागाई काम करीत होते. १९०८ साली जन्मलेले नागाई तरुणपणी नास्तिक होते. आईच्या मृत्युशय्येपाशी मात्र आत्मा अमर आहे याची त्यांना खात्री पटली. पुढे ते उराकामीतील मोरियामा कुटुंबाकडे राहू लागले. छळाच्या काळात पिढ्यान्‌पिढ्या गुप्तपणे श्रद्धा जपलेले हे घराणे. १९३४ साली त्यांनी पौल या नावाने बाप्तिस्मा घेतला आणि त्याच घरातील मिदोरीशी विवाह केला.

रुग्णांच्या क्ष-किरण तपासण्या करता करता त्यांना रक्ताचा कर्करोग जडला. जून १९४५ मध्ये त्यांना कळले की, हाती तीनच वर्षे आहेत. बॉम्बस्फोटात त्यांच्या कपाळाजवळची रक्तवाहिनी तुटली, तरीही ते जखमींची सेवा करीत राहिले. दोन दिवसांनी ते घरी पोहोचले, तेव्हा राखेत मिदोरीची जळालेली हाडे आणि तिची जपमाळ सापडली. दोन्ही मुले आजीबरोबर गावी असल्याने वाचली.

नोव्हेंबरमध्ये कॅथेड्रलच्या भग्नावशेषांजवळ मृतांसाठी मिस्साबलिदान झाले. मृतांचे मरण हे शांतीसाठी देवाला वाहिलेले अर्पण आहे, असे नागाई तेथे म्हणाले. काहींना त्यातून सांत्वन लाभले, तर काहींना ते शब्द पटले नाहीत. मात्र नागाईंनी बॉम्बचे समर्थन केले नाही. युद्ध पुन्हा नको, हेच ते अखेरपर्यंत लिहीत राहिले.

शेवटची वर्षे त्यांनी एका लहानशा झोपडीत अंथरुणावर काढली. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी, या आज्ञेवरून त्यांनी झोपडीचे नाव ठेवले होते. पडल्या पडल्या त्यांनी पुस्तके लिहिली. मिळालेल्या पैशांतून उजाड उराकामीसाठी चेरीची १,००० रोपे दिली. १ मे १९५१ रोजी, वयाच्या ४३ व्या वर्षी, ते प्रभूच्या घरी गेले.

कॅथेड्रलच्या ढिगाऱ्यातून निघालेली एक घंटा १९४५ च्या नाताळात वाजली होती. नष्ट झालेल्या दुसऱ्या घंटेच्या जागी अमेरिकेतील कॅथलिकांनी नवी घंटा दिली. ९ ऑगस्ट २०२५ रोजी दोन्ही घंटा एकत्र वाजल्या.

बंधुभगिनींनो, ज्यांच्या देशाने बॉम्ब टाकला, त्यांनी घंटा दिली आणि ज्यांचे घर जळाले, त्यांनी ती स्वीकारली. मग आपल्या अंगणातले, भावाभावांतले वैर आपण किती दिवस जपणार?