पहिल्या नंबराचं व्याज

१९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिली आली ती एक मुलगी. तोवर असं कधी घडलं नव्हतं. हुजूरपागेत शिकलेली ही रेबेका रूबेन, कोकणात शनवार तेली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बेने इस्रायल समाजातली. हाईम सॅम्युअल केहिमकरांनी १८७५ साली मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली होती. विलायतेत शिकून आलेल्या बाईंनी १९२२मध्ये तिची सूत्रं घेतली, ती १९५०पर्यंत सांभाळली. शाळेला पुढं सर एली कदूरींचं नाव मिळालं. १९४८नंतर समाज इस्रायलकडे निघाला. १९५७मध्ये बाईंचं निधन झालं. माझगावची शाळा मात्र इतर समाजांच्या मुलांनी भरली. पहिला नंबर एका दिवसाचा. त्याचं व्याज बाईंनी २८ वर्षं दुसऱ्यांच्या लेकरांना वाटलं.