पिंप वाजवणारा मुलगा आणि हृदयाभोवतीचे पाणी

कर्करोगाच्या रुग्णाला दम लागू लागला, की घरातले बहुधा तो आजाराचा अशक्तपणा समजतात. पण काही वेळा त्यामागे हृदयाभोवती साठलेले पाणी असते. छातीतले असे पाणी बाहेरून ओळखण्याची रीत वैद्यकाला दिली लिओपोल्ड आउएनब्रुगर यांनी.

त्यांचा जन्म १७२२ सालचा, ऑस्ट्रियातील ग्राझ शहरातला. वडिलांची खाणावळ होती. पिंपात दारू किती उरली हे पिंप वाजवून ओळखायचे, हे लिओपोल्ड लहानपणी तिथेच शिकले, असे सांगितले जाते. त्यांना संगीताचा कानही होता. पुढे त्यांनी सालिएरी या संगीतकाराच्या एका संगीतिकेची संहिता लिहिली.

व्हिएन्नात वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते तिथल्या स्पॅनिश रुग्णालयात काम करू लागले. रुग्णाच्या छातीवर बोटांच्या टोकांनी हलके ठोके द्यायचे आणि आवाज ऐकायचा, हा त्यांचा नित्यक्रम. हवा भरलेल्या फुप्फुसावर आवाज जाड कापड घातलेल्या ढोलासारखा घुमतो. पाणी असेल तिथे तो मांडीवर थाप मारल्यासारखा बद्द येतो. मृतदेहाच्या छातीत द्रव भरून त्यांनी याची खात्री केली. सात वर्षांच्या निरीक्षणांनंतर १७६१ मध्ये त्यांनी लॅटिनमध्ये छोटे पुस्तक काढले. हृदयाच्या आवरणात साठणाऱ्या पाण्याचाही त्यात विचार होता.

पुस्तकाकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. नेपोलियनचे डॉक्टर कोर्व्हिसार यांनी १८०८ मध्ये त्याचा फ्रेंच अनुवाद केला, तेव्हा कुठे ही रीत युरोपभर पोहोचली. पुढच्याच वर्षी आउएनब्रुगर वारले.

त्यांच्या रीतीला व्हिएन्नातच योझेफ श्कोडा यांनी शास्त्रीय बैठक दिली. १८४० मध्ये श्कोडांच्या निदानाच्या आधारे फ्रान्झ शूह या शल्यचिकित्सकाने छातीत गाठ असलेल्या एका तरुणीच्या हृदयावरणात सुई घालून द्रव काढला. कर्करोगाच्या रुग्णांवर आज होणाऱ्या उपचाराची ही सुरुवात म्हणता येईल.

हृदयाभोवती दोन पदरांची पिशवी असते. तिच्यात एरवी जेमतेम काही चमचे द्रव असतो. फुप्फुसाचा किंवा स्तनाचा कर्करोग, लिम्फोमा किंवा रक्ताचा कर्करोग या पिशवीपर्यंत पोहोचला, तर द्रव वाढतो. छातीला दिलेले रेडिएशन, काही औषधे किंवा जंतुसंसर्ग यांमुळेही तो वाढू शकतो. हळूहळू साठला तर पिशवी ताणली जाते आणि लिटरभर द्रवही मावतो. पण झपाट्याने साठला तर थोडासा द्रवही हृदयाला आवळतो. हृदयात पुरेसे रक्त भरत नाही, रक्तदाब घसरतो आणि जीव धोक्यात येतो.

आडवे झाल्यावर वाढणारा दम, छातीत जडपणा, जलद नाडी, मानेच्या फुगलेल्या शिरा, चक्कर ही लक्षणे दिसली, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे. आता निदान केवळ ठोक्यांवर होत नाही. १९५३ मध्ये स्वीडनच्या लुंड शहरात एडलर आणि हेर्ट्झ यांनी ध्वनिलहरींनी हृदय तपासायला सुरुवात केली. त्यातून आलेली इको तपासणी पाणी किती आहे आणि हृदय दबले आहे का, हे रुग्णाच्या खाटेशीच दाखवते. हृदय दबत असेल तर इकोत पाहत सुई घालून पाणी काढतात. बारीक नळी काही दिवस ठेवतात. द्रवात कर्करोगाच्या पेशी आहेत का, हेही तपासतात. पाणी पुन्हा पुन्हा साठत असेल तर शस्त्रक्रियेने पिशवीला छोटी खिडकी करून त्याला वाट देतात. जोडीला मूळ कर्करोगावरचे उपचार असतातच.

पाणी काढल्याने कर्करोग जात नाही. पण रुग्णाला नीट श्वास घेता येतो, आडवे होऊन झोपता येते आणि पुढच्या उपचारांसाठी वेळ मिळतो.